घरात पहिल्यांदाच दहावी आहे? पालकांच्या वाट्याची तयारी

बोर्डाची परीक्षा किती लांबते, हे पहिल्यांदा दहावी असलेल्या घराच्या बरंच उशिरा लक्षात येतं. २०२५ साली मराठीचा पेपर २१ फेब्रुवारीला होता आणि भूगोलाचा १७ मार्चला. म्हणजे पंचवीस दिवस. त्याआधी तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षा, त्याही आधी शाळेची पूर्वपरीक्षा. नाताळानंतर लगेच घरात टीव्ही बंद, पाहुणे बंद, हसणं बंद असा कडकपणा सुरू केला, तर मार्चपर्यंत मूलही थकतं आणि आईवडीलही. शेवटी येणाऱ्या इतिहास-भूगोलाचे ८० लेखी गुण मग त्या थकव्यात जातात.

अभ्यास मुलाचा. झोप, जेवण, शांतता, प्रवास, कागदपत्रं आणि घरातला बोलण्याचा सूर मात्र आपला. त्रिकोणमिती शिकवता येत नाही म्हणून वाईट वाटून घेणाऱ्या पालकांनाही ही दुसरी बाजू पूर्ण सांभाळता येते. पुढचं सगळं राज्य मंडळाच्या दहावीला आणि नाशिक भागातल्या घरांना धरून आहे.

पेपर कसा असतो, ते आधी स्वतः पाहा

एक संध्याकाळ मोकळी काढा आणि मागच्या दोन-तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिका मुलासोबत चाळा. एकूण सहा विषय, प्रत्येकी १०० गुण. टक्केवारी मात्र सर्वांत जास्त गुण मिळालेल्या पाच विषयांची, ५०० पैकी काढतात. भाषांना ८० गुणांची लेखी परीक्षा आणि २० गुण तोंडी वा अंतर्गत मूल्यमापनाचे. गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रांचे दोन-दोन भाग, प्रत्येक भाग ४० गुणांचा, आणि उरलेले २० अंतर्गत किंवा प्रात्यक्षिकाचे.

आता वेळेचं गणित करा. भाषेच्या ८० गुणांना तीन तास, म्हणजे गुणाला सव्वादोन मिनिटं. गणित-विज्ञानाच्या ४० गुणांच्या पेपरला दोन तास, म्हणजे गुणाला तीन मिनिटं. (शेवटी दहा मिनिटं वाढवून मिळतात, पण ती तपासण्यासाठी धरा.) घाई खरी कुठे होते, ते यावरून कळतं. ‘मराठी काय, घरात बोलतोच की’ म्हणून ज्याचा एकही पेपर वेळ लावून सोडवला जात नाही, तोच पेपर अपुरा राहतो. कुमारभारतीच्या, म्हणजे प्रथम भाषा मराठीच्या, कृतिपत्रिकेत (प्रश्नपत्रिकेत) उपयोजित लेखन (सारांश, निबंध वगैरे) २४ गुणांचं असतं आणि ते सगळ्यात शेवटी येतं. हिशेबाने त्याला चोपन्न मिनिटं लागतात. प्रत्यक्षात गद्य-पद्याच्या आकृत्या सजवत बसल्याने त्याऐवजी वीस-पंचवीस मिनिटं उरतात आणि निबंध अर्ध्यावर थांबतो. घरी सराव घेताना हातात घड्याळ धरा आणि दोन तास संपले की विचारा, ‘उपयोजित सुरू झालं का?’ एवढी मदत कोणत्याही पालकाला जमते.

प्रश्नपत्रिकेवरच्या सूचना मुलं वाचत नाहीत. त्या तुम्ही वाचा, मुलाला मोठ्याने वाचायला लावा. गणितात बहुपर्यायी प्रश्नांचं पहिल्या प्रयत्नातलंच उत्तर तपासतात. ते खोडून दुसरं लिहिलं तर उपयोग नाही. भूमितीत रचनेचे कंस आणि खुणा पुसायच्या नसतात. ‘स्वच्छ दिसावं’ म्हणून खोडरबर फिरवणारी मुलं आपले गुण आपणच पुसतात. प्रमेयाच्या सिद्धतेला आकृती लागतेच. मराठीतल्या आकृत्या पेनाने काढायच्या, पेन्सिलीने नाही. सारांशलेखनाचा उतारा वेगळा छापलेला नसतो, पहिल्या प्रश्नातल्या अपठित उताऱ्याचाच सारांश लिहायचा असतो. हे माहीत नसलं की मूल पानं उलटत उतारा शोधत बसतं. भूगोलात भरलेला नकाशा उत्तरपत्रिकेला जोडायचा राहून जातो, तो बांधूनच उठायचं.

गणिताच्या प्रत्येक भागात पाचवा प्रश्न तीन गुणांचा आणि सहसा डोकं खाणारा. पहिल्या दोन प्रश्नांत मिळून वीस गुण आहेत, निम्मा पेपर. ज्या मुलाला गणिताची धास्ती आहे, त्याने हे वीस गुण पक्के करावेत. पाचव्या प्रश्नापायी रात्री जागवू नयेत.

कागदांची कामं जानेवारीतच

हॉल तिकीट शाळेतून मिळतं; त्यावर मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का असतो. हातात पडल्यावर घरी आणून कपाटात ठेवू नका, तिथेच उभं राहून तपासा: मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, आईचं नाव, जन्मतारीख, विषय, माध्यम, फोटो. इंग्रजी स्पेलिंग अक्षर न् अक्षर आधार कार्डाशी ताडून पाहा. चूक असेल तर त्याच दिवशी शाळेला लेखी कळवा. दुरुस्ती शाळेमार्फत नाशिक विभागीय मंडळाकडे जाते. हेच नाव गुणपत्रिकेवर छापलं जातं आणि पुढे पासपोर्टपर्यंत पाठलाग करतं. दोन झेरॉक्स काढून एक दप्तरात, एक घरी, शिवाय फोनमध्ये फोटो.

वीस गुणांच्या अंतर्गत मूल्यमापनाकडे दुर्लक्ष करू नका. प्रयोगवही, गृहपाठाच्या वह्या, स्वाध्याय, तोंडी परीक्षा यांच्या तारखा वर्गशिक्षकांकडून लिहून घ्या. हे गुण अभ्यास येत नाही म्हणून क्वचितच जातात, वही दिली नाही म्हणून जातात. प्रात्यक्षिकाच्या दिवशी मूल खरंच आजारी असेल तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र घेऊन लगेच शाळेत जा. लेखी परीक्षेनंतर ‘आउट ऑफ टर्न’ घेण्याची सोय मंडळ ठेवतं, पण त्यासाठी शाळेला वेळेत माहीत असावं लागतं.

मुलाला अध्ययन अक्षमता किंवा अपंगत्व असेल तर तासाला वीस मिनिटं जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. प्रमाणपत्र आणि मंडळाची मंजुरी या दोन्हींना वेळ लागतो, त्यामुळे हे काम दिवाळीआधीचं. चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा किंवा खेळाच्या सवलतीच्या गुणांचे प्रस्तावही शाळेमार्फतच जातात; शाळेने दिलेली तारीख चुकवू नका.

आणि एक काम बहुतेक जण जूनवर टाकतात: जातीचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर, उत्पन्नाचा दाखला. अकरावीचे प्रवेश आता राज्यभर ऑनलाइन होतात आणि निकालानंतर सेतू केंद्रांवर झुंबड उडते. ज्याला जे लागणार आहे, त्याने त्याची चौकशी आताच करावी. मुलाला या कामात गुंतवायची गरज नाही, आईवडिलांपैकी एकाने अर्ज करून यावं.

पूर्वपरीक्षेचे गुण सोडा, पेपर वाचा

पूर्वपरीक्षेत ६२ टक्के पडले की घरात दोन दिवस सुतक असतं आणि मग तेच पेपर रद्दीत जातात. उलट करा. तपासलेले पेपर शाळेतून पाहायला मागा आणि मुलाबरोबर बसून गेलेला प्रत्येक गुण चारांपैकी एका खणात टाका: येतच नव्हतं, येत होतं पण आठवलं नाही, प्रश्न नीट वाचला नाही, वेळ पुरला नाही. कागदाचा एक तक्ता पुरे.

चारही खणांवर उपाय वेगळा. ‘येतच नव्हतं’ यासाठी शिक्षकांना भेटायचं, पण धड्याचं नाव घेऊन. ‘विज्ञान कच्चं आहे’ असं सांगितलं तर सर काय करणार? ‘भिंगांची चिन्हव्यवस्था समजली नाही’ म्हटलं की काम पंधरा मिनिटांचं. ‘आठवलं नाही’चा खण मोठा असेल तर वाचण्याची पद्धत चुकते आहे. धडा तीनदा वाचला, रंगीत पेनाने पानं भरली, की आल्यासारखं वाटतं. पुस्तक मिटल्यावर किती लिहिता येतं ही खरी परीक्षा. धडा वाचा, पुस्तक बंद करा, कोऱ्या कागदावर आठवेल ते उतरवा, मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनाने भरा. दोन दिवसांनी पुन्हा, आठवड्याने पुन्हा. इथे आजी-आजोबाही कामाला येतात. पुस्तक हातात धरून ‘नियम सांग’ म्हणायला विषय यावा लागत नाही. सेमी इंग्रजीची मुलं विज्ञानाच्या व्याख्या इंग्रजीत घोकतात आणि अर्थ हरवून बसतात. त्यांना ‘आता हेच मराठीत सांग’ म्हणा.

पेपर पुरे होत नसतील तर आठवड्यातून दोन पेपर सकाळी ११ वाजता, परीक्षेच्याच वेळेला, टेबलखुर्चीवर, मध्ये न उठता. फेब्रुवारीत नवीन गाइड, नवीन क्लास, नवीन ‘अपेक्षित संच’ आणू नका. पाठ्यपुस्तक आणि जुन्या प्रश्नपत्रिका एवढंच पुरे. पुस्तक हरवलं असेल तर बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ मोफत मिळते.

झोप आणि दिवसाची आखणी

पहाटे चारला उठवून अभ्यासाला बसवणं हे आपल्याकडे चांगल्या पालकाचं लक्षण समजतात. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते आणि किशोरवयात झोप येण्याची वेळ निसर्गतःच उशिरा सरकते. साडेअकराला झोपलेलं मूल चारला उठवलं तर साडेचार तासांच्या झोपेवर ते पुस्तकासमोर बसतं, पान तेच राहतं. त्यातून नाशिकची फेब्रुवारीतली पहाट थंड. पांघरुणात बसून केलेला अभ्यास पाच मिनिटांत डुलकी होतो. पहाटेची सवय हवीच असेल तर रात्री साडेनवाला दिवा मालवण्याची तयारी घरानेही ठेवावी. नाहीतर रात्री साडेदहाला झोप, सकाळी साडेसहाला उठणं हे बहुतेकांना मानवतं.

पेपर ११ वाजता असतो. म्हणून परीक्षेच्या किमान दोन आठवडे आधीपासून ११ ते २ ही वेळ सर्वांत अवघड अभ्यासाची करा. रात्री बाराला ताजंतवानं होणारं डोकं परीक्षेत कामाचं नाही.

चाळीस-पन्नास मिनिटं बसणं, दहा मिनिटं उठणं, असं चक्र ठेवा. उठणं म्हणजे गच्चीवर फेरी, पाणी, कुत्र्याशी खेळ; फोन नव्हे, कारण दहाची चाळीस होतात. संध्याकाळी अर्धा तास बाहेर पडू द्या. गोदाकाठ असो वा कॉलनीतलं मैदान, घामाने झोपही चांगली लागते. चहा-कॉफी दुपारी चारनंतर नको.

फोनचं भांडण रोज करू नका, एकदाच नियम ठरवा आणि तो सगळ्यांना लावा. अभ्यासाच्या वेळात मुलाचा फोन स्वयंपाकघरात. त्या वेळात आई-बाबाही हॉलमध्ये रील बघत नाहीत. शाळेच्या ग्रुपवरचे निरोप पालकांनी वाचून सांगावेत. परीक्षेच्या काळात ‘पेपर फुटला, पाचशे रुपये पाठवा’ असे संदेश फिरतात. ते फसवणुकीचे असतात, आणि त्यांच्या नादी लागलेल्या मुलाची रात्र तर जातेच, कारवाईची टांगती तलवारही राहते.

घर, गल्ली आणि हंगाम

नाशिक जिल्ह्यात परीक्षा आणि द्राक्षांचा हंगाम एकाच वेळी येतात. निफाड, दिंडोरी, पिंपळगावकडच्या घरांत फेब्रुवारी-मार्च म्हणजे तोड, पॅकिंग, मजूर, गाडी; पाठोपाठ उन्हाळ कांदा. आईवडिलांनी बाग सोडून घरी बसावं असं कुणी म्हणणार नाही. पण दहावीच्या मुलाला ‘जरा वजनाला उभा राहा’ म्हणून बोलावणं या महिनाभर पूर्ण थांबवा. जेवणाची जबाबदारी एका माणसाला नेमून द्या, आजी असो वा काकू, आणि रात्रीचं एक जेवण तरी सोबत करा. वीज जाण्याच्या वेळा लक्षात घेऊन चार्जिंगचा दिवा तयार ठेवा.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळ्यांवर जाणाऱ्या घरांची अडचण वेगळी. बाबा रात्रपाळीहून येऊन झोपणार, एकाच खोलीत अभ्यास. अशा वेळी अभ्यासिका, वाचनालय, शाळेचा मोकळा वर्ग किंवा शेजारच्यांची रिकामी खोली आधीच बोलून ठेवा. पेपरांच्या तारखा हातात आल्या की पाळी बदलून घेता येते का, तेही साहेबांना विचारा; आठवडाभर आधी सांगितलं तर बहुतेकदा जमतं.

१९ फेब्रुवारीला शिवजयंतीची मिरवणूक आणि दहावीचा पहिला पेपर साधारण त्याच सुमारास असतो. पुढे लग्नसराई आहेच, आणि रंगपंचमीला जुन्या नाशकातल्या रहाडी, म्हणजे रंगाच्या पाण्याचे हौद. मुलांना हे सगळं दिसतं, ऐकू येतं, आणि मन तिकडे धावतं, यात काही चूक नाही. पेपर नसेल तर तासभर जाऊ द्या. रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी पेपर असेल तर मात्र रहाडीचा थंड रंग आणि ओल्या अंगाने फिरणं नको, ताप परवडणारा नसतो. रात्री १० नंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. आधी उत्सव मंडळाच्या पोरांशी गोडीने बोला, ऐकलं नाही तर ११२.

येणाऱ्या नातेवाइकांना दारातच सांगून ठेवा: ‘किती टक्के येतील?’ हा प्रश्न विचारायचा नाही. चुलतभावाच्या ९४ टक्क्यांचा विषयही नको.

केंद्र आधी पाहून या

परीक्षा केंद्र बहुतेकदा आपली शाळा नसते. पहिल्या पेपरच्या आधी कामाच्या दिवशी, सकाळी पावणेदहाच्या सुमारास मुलाला घेऊन त्याच रस्त्याने जा. रविवारी मोकळ्या रस्त्यावर मोजलेला वेळ फसवा असतो. नाशिक रोड किंवा उपनगरहून शहरात यायचं तर द्वारका चौक, सिडको-इंदिरानगरकडून यायचं तर मुंबई नाका, आणि केंद्र जुन्या नाशकात असेल तर रविवार कारंजाच्या अरुंद गल्ल्या, इथे वीस मिनिटं सहज जातात. सिटीलिंकने जाणार असाल तर ठरलेल्या बसच्या आधीची बस धरा. दुचाकीवर पेट्रोल आदल्या दिवशी भरा, चाकाची हवाही.

साडेदहाला केंद्रावर हजर राहायचं असतं, तेव्हा सव्वादहाला पोहोचण्याच्या बेताने निघा. अकरानंतर आत सोडतील असं गृहीत धरू नका.

आदली रात्र आणि पेपरची सकाळ

पिशवी रात्री नऊला मुलानेच भरावी, तुम्ही फक्त यादी वाचा: हॉल तिकीट, शाळेचं ओळखपत्र, घरी वापरून झालेले निळे किंवा काळे तीन पेन (नवीन पेन पहिल्या पानावर अडखळतो), दोन टोकदार पेन्सिली, खोडरबर, पट्टी, कंपासपेटी, पारदर्शक पाण्याची बाटली, साधं काट्यांचं घड्याळ. कंपासचा स्क्रू घट्ट आहे का पाहा. सैल कंपासने वर्तुळ जुळत नाही आणि मूल चार वेळा खोडतं. स्मार्ट घड्याळ, फोन, कॅल्क्युलेटर घरीच. खिशात जुनी चिठ्ठी, पॅडवर लिहिलेलं सूत्र नाही ना, हेही पाहा. नकळत राहिलेला कागदसुद्धा कॉपीत धरला जाऊ शकतो.

जेवण रोजचंच हवं. सकाळी साडेआठ-नऊला पोळी-भाजी, थालीपीठ, उपमा किंवा वरण-भात, जे अंगवळणी पडलं आहे ते; निघताना एक केळं. दही-साखरेचा चमचा जरूर द्या. मिसळ मात्र परीक्षा संपल्यावर. दोन तासांच्या पेपरात तिखट रस्सा आणि दोन ग्लास पाणी म्हणजे मधेच उठण्याची वेळ. द्राक्षं घरात असतातच, ती फवारणीची असतात हे लक्षात ठेवून मिठाच्या पाण्यात ठेवा आणि दोन-तीनदा धुऊन द्या.

गेटवर शेवटचा प्रश्न विचारू नका. ‘ती व्याख्या पाठ आहे ना?’ या एका वाक्याने आलेलंही विसरतं. ‘नंबर नीट लिही, बारकोड आणि पुरवण्या बघ, पेपर सुटला की इथेच उभा आहे’ एवढं बोला आणि लांब व्हा.

पेपर सुटल्यावर

हा सगळ्यात नाजूक अर्धा तास, आणि सर्वांत जास्त चुका इथेच होतात. मूल बाहेर येतं, गेटवर मित्र उत्तरं जुळवत असतात, आणि एक गुण गेल्याचं कळतं तेव्हा पुढच्या पेपरचे दहा धोक्यात येतात. मार्चचं दुपारचं ऊन चटकत असतं. पाणी द्या, गाडीवर बसवा, घरी चला. प्रश्नपत्रिका हातातून घेऊन फाइलला लावा. ‘कसा गेला?’ एकदाच, ‘बरा’ म्हटलं तर ‘बरं, चल जेवायला’. मूल रडलं तर रडू द्या. ‘मी सांगत होते’ हे शब्द त्या दिवशी नकोत.

जेवण, तासभर झोप, मग पुढचा विषय. गणिताच्या किंवा विज्ञानाच्या दोन भागांमध्ये सहसा एखादा दिवस मोकळा मिळतो; तो धडे नव्याने शिकायला पुरत नाही, सूत्रं, आकृत्या आणि एक जुना पेपर यांना पुरतो. शेवटच्या सामाजिक शास्त्रांसाठी सुरुवातीच्या मोठ्या सुट्ट्यांतूनच रोज अर्धा तास काढून ठेवा. भूगोलाच्या पुस्तकात भारत आणि ब्राझील यांची तुलना आहे. दोन्ही देशांचे कोरे नकाशे रोज एक भरला तरी पुष्कळ.

भीती आणि त्यापलीकडचं

पेपरच्या आधी पोट बिघडणं, हात गार पडणं, चिडचिड हे नेहमीचं. सावकाश श्वास सोडायला शिकवा, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ. दोन मिनिटांत हात स्थिर होतात. पण सलग काही रात्री झोप नाही, जेवण सुटलं, मित्रांशी बोलणं बंद, ‘माझ्यामुळे तुमचे पैसे वाया गेले’, ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ अशी वाक्यं आली, तर परीक्षा बाजूला ठेवा. शेजारी बसा आणि सरळ विचारा, ‘बाळा, जीव नकोसा वाटतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. ‘हो’ आलं तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. मुलांसाठी १०९८ आहे. मंडळही दरवर्षी परीक्षेच्या काळात समुपदेशक नेमतं, त्यांचे क्रमांक शाळेत मिळतात. शेतकरी घरांनी फवारणीच्या औषधांची खोली या काळात, आणि निकालाच्या आठवड्यातही, कुलूपबंद ठेवावी. किल्ली मोठ्या माणसाच्या कमरेला.

निकाल ऑनलाइन लागतो. २०२५ ला तो १३ मे रोजी दुपारी लागला. त्या दिवशी घरात एक मोठं माणूस रजेवर असावं. गुण अनपेक्षित कमी वाटले तर गुणपडताळणी, उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन यांचे अर्ज ठरलेल्या मुदतीत ऑनलाइन करता येतात. एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीवर (राहिलेला विषय नंतर सोडवण्याच्या सवलतीवर) अकरावीला बसता येतं, आणि जून-जुलैच्या पुरवणी परीक्षेचा अर्ज शाळेतूनच भरायचा असतो. ही वाक्यं निकालाच्या आदल्या रात्री, जेवताना, सहज आवाजात मुलासमोर बोलून ठेवा.